परक्या कोर्टातला खटला न्याय्य कधी म्हणायचा?

जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण दांपत्य कतारच्या दोहा विमानतळावर उतरले. ही सहल नात्यातल्या एका बाईंनी त्यांना भेट म्हणून दिली होती आणि निघताना, तिकडच्या कुणाला तरी पोहोचवायचे म्हणून, एक पुडकेही त्यांच्याजवळ सोपवले होते. विमानतळावरच्या तपासणीत सामानातून चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांनाही दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी त्या वेळी गरोदर होती आणि तिची प्रसूती कैदेतच झाली. इकडे कुटुंबीयांनी तक्रार केल्यावर नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने मुंबईत तपास केला, या दोघांना फसवून वाहक बनवले गेल्याचे पुरावे गोळा केले आणि ते सरकारी मार्गाने कतारपर्यंत पोहोचले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला, मार्चअखेर दोघे निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये मुलीला घेऊन मुंबईत परतले.

या प्रकरणात पहिल्यांदा झालेली शिक्षा अन्याय्य होती, असे आपण सहज म्हणून जातो. मात्र दोह्याच्या न्यायाधीशांपुढे त्या दिवशी काय होते, हे पाहिले तर उत्तर इतके सोपे राहत नाही. त्यांच्यापुढे चरस होता, ज्यांच्या सामानात तो सापडला ती दोन माणसे होती आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे त्यांचे म्हणणे होते, जे जगातल्या प्रत्येक विमानतळावर पकडलेला प्रत्येक जण म्हणतो. निर्दोषत्वाचा पुरावा मुंबईत होता, आणि तो समुद्र ओलांडून जाईपर्यंत पावणेदोन वर्षे गेली. परदेशातील खटल्यांबाबतची ही पहिली अडचण आहे. न्यायाधीश प्रामाणिक असला, तरी आरोपीच्या बाजूचे साक्षीदार, कागद, फोनमधले संवाद आणि त्याच्यासाठी धावपळ करणारी माणसे दुसऱ्याच देशात असतात.

दुसरी गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी, कारण या विषयावरच्या निम्म्या चर्चा तिथेच भरकटतात. कायदा वेगळा किंवा कडक असणे म्हणजे खटला अन्याय्य असणे नव्हे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात सहज मिळणारी आणि अनारशांवर थापली जाणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत प्रतिबंधित आहे. दिवाळीचा फराळ दुबईला नेणाऱ्या कुणाच्या डब्यात ती सापडली आणि कारवाई झाली, तर ते घरच्यांना कितीही विचित्र वाटले, तरी त्यात कार्यपद्धतीचा अन्याय नाही. जिथे कृत्य घडले तिथला कायदा लागू होतो, हे तत्त्व सर्वच देश मानतात आणि भारतात आलेल्या परदेशी माणसालाही आपण तेच लावतो. प्रश्न सुरू होतो तो त्यानंतर: त्या माणसाला आपल्यावरचा आरोप कळेल अशा भाषेत सांगितला का, त्याला वकील मिळाला का आणि केव्हा, दुभाषा दिला का, त्याला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडले का, वरच्या न्यायालयात दाद मागता आली का. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौदाव्या कलमात हेच निकष दिले आहेत. भारत या करारात १९७९ मध्ये सामील झाला, पाकिस्तानने त्याला २०१० मध्ये मान्यता दिली आणि कतार २०१८ मध्ये आत आला. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती, जिथे लक्षावधी भारतीय कामाला आहेत, ते देश मात्र अजून या कराराच्या बाहेर आहेत.

यातले बरेचसे मुद्दे कोर्टात पाऊल टाकण्याच्या आधीच निकालात निघालेले असतात, असे माझे मत आहे. आपल्या डोळ्यांसमोर खटला म्हटले की उलटतपासणी, युक्तिवाद आणि भरगच्च न्यायालय येते. युरोपातील अनेक देशांत आणि त्यांच्याच धर्तीवर कायदे बेतलेल्या अरब देशांत मात्र खटला मोठ्या प्रमाणात कागदावर चालतो. पोलिसांनी आणि सरकारी अभियोक्त्याने तयार केलेली फाइल हाच त्याचा कणा असतो. अटकेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत आरोपीने दिलेला जबाब त्या फाइलमध्ये सर्वांत वर असतो, आणि पुढे महिनोन्‌महिने वकिलांनी कितीही खटपट केली तरी तो सहसा पुसता येत नाही. म्हणून परदेशातल्या खटल्याच्या न्याय्यतेचा प्रश्न हा मुख्यतः पहिल्या बहात्तर तासांचा प्रश्न आहे, आणि त्या तासांत सर्वांत जास्त बिघडते ती भाषा.

याचे ठळक उदाहरण इटलीतल्या पेरूजा शहरातले आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये तिथे एका ब्रिटिश विद्यार्थिनीचा खून झाला आणि तिच्यासोबत राहणाऱ्या अमांडा नॉक्स या अमेरिकन विद्यार्थिनीला पोलिसांनी रात्रभर बसवून प्रश्न विचारले. वकील नव्हता. तिची इटालियन तेव्हा जेमतेम होती. पोलीस ठाण्यातच काम करणारी दुभाषी हजर होती. पण तिने शब्दांचे भाषांतर करण्यावर न थांबता, आपला पाय मोडला होता तेव्हा धक्क्यामुळे आपल्यालाही काही आठवत नव्हते, तुझेही तसेच झाले असेल, अशा अर्थाचे बोलून त्या तरुणीला ‘आठवायला’ मदत केली. पहाटेपर्यंत नॉक्सने एका निरपराध माणसाचे नाव घेतले होते. खुनाच्या आरोपातून ती शिक्षा, सुटका, पुन्हा शिक्षा अशा फेऱ्यांनंतर मार्च २०१५ मध्ये कायमची मुक्त झाली. जानेवारी २०१९ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या रात्रीपुरता इटलीला दोष दिला: वकील न देणे चुकीचे होते, आणि दुभाषीने दुभाषीची मर्यादा सोडून मध्यस्थाची भूमिका घेतल्यामुळे पुढची सारी कार्यवाही बाधित झाली. एवढे होऊनही, निरपराध माणसावर खोटा आळ घेतल्याबद्दलची तिची शिक्षा इटलीच्या न्यायालयांनी २०२४ आणि २०२५ मध्ये कायमच ठेवली. एका रात्रीच्या भाषेचे ओझे सतरा वर्षे उतरले नाही.

इटलीत हे घडू शकते, तर रत्नागिरी, चिपळूण किंवा मालेगावहून आखातात गेलेल्या कामगाराचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो. तिथल्या न्यायालयांची भाषा अरबी आहे. अबुधाबीच्या न्याय विभागाने २०१९ मध्ये कामगारांच्या दाव्यांसाठी अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदी स्वीकारली, हे चांगलेच पाऊल होते. पण ती सोय मजुरीच्या तंट्यांसाठी, फौजदारी खटल्यासाठी नव्हे. मराठी माणसाला दुभाषा मिळाला तर तो बहुधा हिंदी किंवा उर्दूचा असतो, आणि ‘मी त्याला ढकललं’ व ‘माझा धक्का त्याला लागला’ या दोन वाक्यांतला फरक परक्या भाषेत, घाबरलेल्या अवस्थेत सांगणे सोपे नसते. त्या एका क्रियापदावर खून आणि अपघात यांतले अंतर अवलंबून असू शकते. न वाचलेल्या कागदावर सही करू नये, हा घरोघरी दिला जाणारा सल्ला परदेशी पोलीस ठाण्यात जितका कामाचा आहे तितका अन्यत्र कुठेच नसेल.

आता दुसरा आधार, म्हणजे आपली वकिलात. १९६३ चा व्हिएन्ना करार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाणिज्यदूतविषयक कराराच्या छत्तिसाव्या कलमात तीन साध्या गोष्टी आहेत. परदेशी माणसाला अटक केली की ‘तुला तुझ्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे’ हे त्याला विनाविलंब सांगायचे. त्याने मागणी केली की वकिलातीला कळवायचे. आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यायचे, बोलू द्यायचे, त्याच्यासाठी वकील पाहू द्यायचा. वर्तमानपत्रांत ‘कॉन्सुलर ॲक्सेस’ म्हणून येते ते हेच. यातला ‘मागणी केली की’ हा तुकडा सहसा नजरेतून सुटतो. हक्क आपोआप चालत येत नाही, तो तोंडाने मागावा लागतो, आणि मागायला तो माहीत असावा लागतो.

या कलमाचा अर्थ मराठी वाचकाला सर्वांत परिचित असलेल्या प्रकरणात, कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बारकाईने तपासला. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार जाधव यांना ३ मार्च २०१६ रोजी अटक झाली; भारताला कळवले गेले ते २५ मार्चला, आणि तोवर त्यांच्या कबुलीची चित्रफीत तयार होती. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. भारताने भेटीची परवानगी वारंवार मागितली. पाकिस्तानने मात्र, भारत तपासात किती सहकार्य करतो हे पाहून विचार करू, अशी अट पुढे केली. हेरगिरीच्या प्रकरणांना हे कलम लागूच नाही, असाही पाकिस्तानचा दावा होता. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी दोन्ही मुद्दे फेटाळले: कलमात हेरगिरीचा अपवाद नाही, आणि हक्काला अट जोडता येत नाही.

त्या निकालानंतर इथे पेढे वाटले गेले, पण न्यायालयाने काय दिले नाही हे त्या गर्दीत नीट वाचले गेले नाही. शिक्षा रद्द करावी, जाधव यांना सोडावे किंवा निदान लष्करी नव्हे तर सामान्य नागरी न्यायालयात खटला चालवावा, या भारताच्या मागण्या न्यायालयाने मान्य केल्या नाहीत. पाकिस्तानने आपल्या पसंतीच्या मार्गाने त्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, एवढाच आदेश झाला. आंतरराष्ट्रीय न्यायालय हे अपिलाचे न्यायालय नाही. ते आरोपी दोषी की निर्दोष हे पाहत नाही, दोन राज्यांनी एकमेकांना दिलेला शब्द पाळला की नाही एवढेच पाहते. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्याची जाधव यांच्याशी भेट झाली. पाकिस्तानने फेरविचारासाठी आधी अध्यादेश आणि २०२१ मध्ये कायदा केला, पण भारतीय वकील उभा करण्यास नकार दिला आणि प्रकरण तिथेच अडकून पडले.

या साऱ्या कायदेशीर मजकुरापेक्षा मला २५ डिसेंबर २०१७ ची इस्लामाबादमधली भेट जास्त बोलकी वाटते. जाधव यांच्या आई आणि पत्नी त्यांना काचेच्या पलीकडून भेटल्या. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने नंतर जाहीर केल्याप्रमाणे त्यांना मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकली काढायला लावली गेली, कपडे बदलायला लावले गेले, आणि आई मराठीत बोलू लागली की तिला अडवले गेले. पाकिस्तानने सुरक्षेचे कारण दिले आणि गैरवर्तनाचा आरोप नाकारला. तरीही, फाशीची शिक्षा झालेल्या मुलाशी आईला घरातल्या भाषेत बोलता येत नसेल, तर ‘भेट दिली’ या शब्दांचा अर्थ किती उरतो, हे समजायला आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास लागत नाही.

हक्क मोडला गेला हे सिद्ध झाल्यावरही माणूस वाचतोच असे नाही, हे अमेरिकेने अधिक कठोरपणे दाखवले आहे. ॲरिझोनात ला-ग्रँड आडनावाच्या दोन जर्मन भावांना वकिलातीच्या हक्काबद्दल वेळेत सांगितलेच नव्हते. त्यातल्या एकाला फेब्रुवारी १९९९ मध्ये मृत्युदंड दिला गेला, आणि दुसऱ्याची शिक्षा थांबवा, असा हेगचा आदेश ३ मार्चला आला असताना त्याच दिवशी त्यालाही. २००१ मध्ये जर्मनी खटला जिंकली. पुढे २००४ मध्ये मेक्सिकोच्या एक्कावन्न नागरिकांबाबत असाच निकाल लागला; पण त्यांपैकी होसे मेडेयिन याच्या प्रकरणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की, हेगचा निकाल टेक्सास राज्याच्या न्यायालयांवर थेट बंधनकारक नाही, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. दरम्यान २००५ मध्ये अमेरिकेने असे वाद हेगला नेण्याची मुभा देणाऱ्या पूरक करारातूनच अंग काढून घेतले.

मग आपले सरकार करू काय शकते? वकिलातीचा अधिकारी कोर्टात वकील म्हणून उभा राहत नाही आणि ‘याला सोडा’ असा हुकूम देऊ शकत नाही. तो भेटतो, वकिलांची यादी देतो, घरच्यांना कळवतो, सुनावणीला बसतो. गरजूंसाठी २००९ पासून असलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकिलाचा खर्चही होऊ शकतो. परदेशांतल्या तुरुंगांत, कच्चे कैदी धरून, दहा हजारांहून अधिक भारतीय असल्याचे सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले होते; तेव्हा एका अधिकाऱ्याच्या वाट्याला किती चेहरे येत असतील, याचा विचार करून अपेक्षा ठेवलेली बरी. याच्या पलीकडे असते ते राजकीय वजन, आणि ते सर्वांसाठी सारखे पडत नाही. कतारमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये अटक झालेल्या नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, डिसेंबरमध्ये ती बदलून कैद झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कतारच्या अमिरांच्या निर्णयाने ते सुटले. आनंदाचीच गोष्ट, पण आरोप नेमके काय होते हे अधिकृतपणे कधीच उघड झाले नाही, त्यामुळे खटला न्याय्य होता की नाही, हा प्रश्न सुटकेबरोबरच मिटून गेला. उलट बाजूला, उत्तर प्रदेशातील एक तरुणी अबुधाबीत एका घरी बाळ सांभाळायला होती आणि त्या बाळाच्या मृत्यूबद्दल तिला मृत्युदंड झाला होता. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी शिक्षेची अंमलबजावणी झाली. दूतावासाला ते २८ फेब्रुवारीला कळले, आणि वडिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर ३ मार्चला सरकारने तसे सांगितले. मुलगी जिवंत आहे का, एवढेच त्या याचिकेत विचारलेले होते.

जाता जाता अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींसाठी एक खुलासा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. तिकडचा पासपोर्ट घेतला की तिसऱ्या देशात अटक झाल्यास तुमच्यासाठी धावण्याचा अधिकार त्या देशाच्या वकिलातीचा, भारताच्या नव्हे. आणि भारतातच अटक झाली तर तुम्ही इथे कायद्याच्या दृष्टीने परदेशी ठरता, म्हणजे मागायची असते ती अमेरिकन किंवा ब्रिटिश वकिलात.

हाच आरसा आपल्याकडेही फिरवून पाहिला पाहिजे. अजमल कसाबचा खटला मुंबईत आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात चालला. त्याला वकील द्यायला विरोध करणारे आपल्यात पुष्कळ होते, आणि पाकिस्तानने सुरुवातीला तो आपला नागरिक असल्याचेच नाकारले होते. तरीही त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयात न्यायमित्र (न्यायालयाने स्वतः नेमलेले वकील) दिले गेले, आणि त्याच खटल्यातले दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केलीच, पण आरोपीला पहिल्यांदा हजर करताच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असेही बजावले. ज्या पहिल्या तासांबद्दल वर लिहिले, त्यांचीच ही गोष्ट आहे. आपल्या माणसासाठी परक्या न्यायालयाकडे हात पसरताना ही बाजू आपल्याजवळ असणे उपयोगी पडते.

शेवटी उरतो तो मार्ग म्हणजे शिक्षा भोगायला मायदेशी येण्याचा. २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्यान्वये, ज्या देशाशी करार आहे तिथला निकाल अंतिम झाला असेल, कैद्याची संमती असेल आणि दोन्ही सरकारे राजी असतील, तर उरलेली कैद भारतात काढता येते. पुष्कळांना वाटते की एकदा भारतात आले की आपली न्यायालये प्रकरण नव्याने पाहतील. मॉरिशसमध्ये १५२.८ ग्रॅम हेरॉइन बाळगल्याबद्दल सव्वीस वर्षांची शिक्षा झालेला एक कैदी असाच भारतात आला. भारतीय कायद्यात एवढ्या प्रमाणासाठी जास्तीत जास्त दहा वर्षे आहेत, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्याची शिक्षा दहा वर्षांवर आणली. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला: मॉरिशसच्या न्यायालयाने ठरवलेली मुदत भारतावर बंधनकारक आहे, आणि शिक्षा सव्वीस वर्षांचीच राहील.